अर्ध्या किल्लीचा राखणदार

टकटककाकांना कुणी खरं नाव विचारलं तर ते क्षणभर थांबत, आठवल्यासारखं करत, मग सांगत. एकतीस वर्षं एकाच बालगृहाच्या कचेरीत टंकलेखक म्हणून बसलेल्या माणसाचं नाव झिजत जातं आणि शेवटी पोरांनी ठेवलेलं तेवढं उरतं. त्या बालगृहातल्या पोरांच्या कानावर सकाळी पहिला आवाज पडायचा तो काकांच्या टाइपरायटरचा. आधी टक टक टक, मग घंटीची एक किणकिण, मग गाडी मागं सारल्याची घरघर. पुढं यंत्र गेलं, कॉम्प्युटर आला, घंटी गेली. नाव मात्र तेच राहिलं.

काकांचा कान ही त्यांची खरी कमाई होती. शेजारच्या खोलीत कुणी टाइप करत असलं तरी कुठल्या ओळीतलं बटण दाबलं हे ते न बघता सांगत. बालगृहाच्या प्रमुख बाई कधी घाईघाईनं पत्र बडवायला बसल्या की काका भिंतीपलीकडून ओरडत, "बाई, वरच्या ओळीतलं दाबलंत. तुम्हाला मधल्या ओळीतलं हवं होतं."

"तुमचे कान रोज संध्याकाळी काढून माझ्या कपाटात ठेवत जा," बाई तिकडून म्हणत. "मेलं स्वस्थ चूकसुद्धा करू देत नाहीत!"

बाई ठेंगण्या, आवाजानं मोठ्या, बोटांनी जड. लग्न केलं नाही. एक भाची होती, ती लांब राहायची. काका पातळ, उंच, बोलायला काटकसरी. दोघांचं कधी पटलं नाही आणि कधी तुटलं नाही.

त्या घरात दोन तऱ्हांची माणसं येत. काही कुशीत येत आणि काही कूस रिकामी करून जात. लग्नाआधी दिवस गेलेल्या, घरानं दार लावून घेतलेल्या पोरी तिथं बाळंत होत, बाळ ठेवत आणि मान खाली घालून फाटकाबाहेर पडत. प्रत्येकीला बाई एकच वचन देत: तुझं नाव या घराबाहेर जाणार नाही. त्या वचनाची वही काकांच्या टेबलाच्या खणात असे. जाड पुठ्ठ्याची, काळ्या कापडाच्या पाठीची. आयांची वही. खणाला कुलूप, आणि किल्ली काकांच्या खिशात.

ही किल्ली एका दुपारी नडली.

कोट घातलेला एक गृहस्थ आला. तपासणीला आलोय म्हणाला. हातात कागद, कागदावर शिक्का, बोलण्यात असा रुबाब की समोरच्यानं आपोआप उठून उभं राहावं. त्यानं वही मागितली. काकांनी खण उघडला, वही समोर ठेवली आणि पोहोच द्यायला शिक्का हवा म्हणून बाईंच्या खोलीत गेले. शिक्का लगेच सापडला नाही. फार तर चार मिनिटं गेली असतील. परत आले तो गृहस्थ वही मिटून बसला होता. "छान ठेवलीय," म्हणाला आणि गेला.

तो तपासनीस नव्हता. वहीत नाव असलेल्या एका बाईचा दीर होता.

तीन आठवड्यांनी ती बाई फाटकाशी येऊन उभी राहिली. तिचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती, दोन मुलं होती. एका पायात चप्पल होती, दुसऱ्या पायात नव्हती. ती रडली नाही, ओरडली नाही. काकांना बघून एवढंच म्हणाली, "तुम्ही सांगितलंत?"

ती तशीच वळली आणि एक चप्पल वाजवत, एक पाऊल मुकं टाकत रस्त्यानं निघून गेली. पुन्हा कुणाला दिसली नाही. मुलं दिराकडंच राहिली, एवढं मागून कळलं. पुढं कित्येक वर्षं, कुणी लंगडत चालताना ऐकू आलं तरी काकांची बोटं बटणांवर थबकत.

काकांचा जावई कॉम्प्युटरच्या धंद्यातला. सासऱ्याचं जेवण सुटलेलं बघून लेकीनं त्याला पुढं केलं. तो एका रविवारी समोर बसला.

"बाबा, एक पेटी समजा. सगळी वही, सगळे कागद स्कॅन करून त्या पेटीत टाकायचे. याला एन्क्रिप्शन म्हणतात. पासवर्ड असेल तर कागद, नसेल तर नुसती वाळू. डिस्क चोरून नेली तरी चोराच्या हाती वाळूच लागणार."

"आणि पासवर्ड विसरला तर? कुलूपवाला बोलवायचा?"

"याला कुलूपवाला नसतो, बाबा. आम्ही सगळे मिळून बसलो तरी सूर्य विझेपर्यंत उघडणार नाही. म्हणून तर पासवर्ड लिहून, पाकीट सीलबंद करून संस्थेच्या वकिलांकडे ठेवायचा असतो."

जावयाच्या बोलण्यात दोन वाक्यं होती. कुलूपवाला नसतो, हे पहिलं काकांच्या मनात खोल जाऊन बसलं. दुसऱ्याला त्यांनी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

"लिहिलं की फुटलं," ते म्हणाले. "वहीसुद्धा लिहिलेलीच होती."

बाई पाकिटाला तयार होत्या. "अहो, उद्या मी मेले तर?"

"तुम्ही मरणाऱ्यांपैकी आहात का?" काका म्हणाले. बाई खो खो हसल्या आणि विषय तिथंच संपला. त्या हसण्याची काकांना पुढं फार किंमत मोजावी लागली.

वही पेटीत गेली, मूळ पानं यंत्रात कातरली गेली, आणि दोघांनी मिळून एक रीत घालून घेतली. पासवर्डचे दोन भाग केले. पहिला काकांचा, दुसरा बाईंचा. एकाचा दुसऱ्याला ठाऊक नाही, म्हणजे कुणी कितीही रुबाबात आलं, धाक घातला, गळ घातली, तरी एकट्याच्या हातून पाप होणार नाही. पेटी उघडायची तर दोघांनी एका टेबलाशी यायचं. काका आपला भाग टाइप करत आणि खुर्चीवरून उठत. चार पावलं चालून भिंतीपाशी जात आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहत. मग बाई खुर्चीत बसत.

पण काकांना तो कान होता. बाईंची बोटं जड, एकेक बटण विहिरीत दगड टाकावा तसं वाजणार. नुसते डोळे वळवून भागणार नव्हतं. म्हणून भिंतीपाशी उभं राहिलं की काका गुणगुणायचे. शब्द नसलेलं, चाल नसलेलं, नुसतं घशातल्या घशात, बाईंच्या बोटांचा आवाज बुडेल इतकं मोठं. त्या भिंतीला पोपडा निघून एक डाग पडला होता, बसलेल्या बकरीसारखा. काका त्या बकरीकडे बघत गुणगुणत. बाईंचं झालं की त्या म्हणत, "झालं हो!" मग काका वळत.

"आज बकरी काय म्हणते?" बाई विचारत.

"म्हणते, बाईंना टाइप करायला किती वेळ लागतो!"

बारा वर्षं असंच चाललं. बारा वर्षांत काका एकदाही अर्धवट वळले नाहीत, एकदाही गुणगुणणं थांबलं नाही. याचा त्यांना अभिमान होता, आणि त्यांच्यासारख्या माणसाजवळ अभिमान धरण्यासारखं दुसरं असतं तरी काय?

पेटी सुरू झाल्यावर तिसऱ्या वर्षी एक बाई आली. चाळिशीला टेकलेली, हातात कापडी पिशवी. बाकावर टोकाला बसली, जणू पूर्ण बाकावर आपला हक्क नाही. पिशवीतून घडी घातलेलं पत्र काढलं.

"माझी मुलगी इथून गेली. आता सतरा वर्षांची असेल. कधी ना कधी विचारत येईल. आली तर द्याल?"

नियम असा होता की मूल मोठं होऊन आपणहून आलं तरच त्याच्यासाठी पेटी उघडायची. काकांनी तो समजावून सांगितला आणि पत्र घेतलं. पत्र तीन घड्यांचं होतं. चार कागद, रेघांचे, दोन्ही बाजूंनी लिहिलेले. लिहिणारीनं पेन इतकं दाबलं होतं की प्रत्येक कागदाच्या पाठीवर अक्षरांचे उंचवटे बोटाला लागत होते. काकांनी वाचलं नाही. कागद काचेवर ठेवला की वर झाकण पडतं, त्यामुळं स्कॅन करताना वाचावं लागत नाही, हे त्यांना फार बरं वाटायचं. पडद्यावरसुद्धा ते कागदाचे चार कोपरे तेवढे तपासत. सरळ आलाय ना, कापला गेला नाही ना. मधल्या मजकुरावर नजर पडू नये म्हणून चष्मा कपाळावर चढवून ठेवत.

स्कॅन झालं, बाईंना बोलावून ते पेटीत टाकलं. काकांनी कागद कातरणाऱ्या यंत्राकडे नेले, तशी ती बाई उठून उभी राहिली.

"ते कशाला? कागद तरी राहू द्या ना."

"कागद चोरीला जातो, ताई. कागद कुणीही उघडतो. आता हे कुणाच्या बापाला उघडता येणार नाही."

ती यंत्राच्या दातांत आपली अक्षरं जाताना बघत राहिली. "पण तिला मिळेल ना?"

"माझी जबाबदारी," काका म्हणाले.

ती गेली. पत्ता तिनं मागं ठेवला नाही. पत्रात लिहिलाय, म्हणाली.

नऊ वर्षांनी बाईंना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा जिवंत राहिला. काका रोज दुपारी इस्पितळात जाऊन बसत. बाईंच्या खाटेशेजारी एक लोखंडी स्टूल होतं, त्याचा एक पाय आखूड. त्यावर बसलं की स्टूल डुगडुगे आणि बाईंच्या डोळ्यांत मिश्कील काही हलल्यासारखं वाटे.

तिसऱ्या दिवशी बाईंनी काकांकडे रोखून बघितलं. ओठ हलवले, आवाज आला नाही. मग त्यांचा डावा हात चादरीवर सरकला. बोटं उचलली गेली, पडली. एक बोट, मग दुसरं. थांबून पुन्हा पहिलं. चादरीवर, जिथं काहीच नव्हतं, तिथं त्यांची जड बोटं एकेक बटण दाबल्यासारखी पडत होती.

आणि काका उठले. त्यांच्या मनानं काही ठरवलं नाही, पायांनीच ठरवलं. चार पावलं चालून ते इस्पितळाच्या हिरव्या भिंतीपाशी गेले, भिंतीकडे तोंड केलं आणि घशातल्या घशात गुणगुणायला लागले. त्या भिंतीवर बकरी नव्हती. काका "झालं हो" ऐकू यायची वाट बघत उभे राहिले.

परिचारिका आत आली. "आजोबा, तिकडं काय करताय? पेशंटला त्रास होईल, गाणं म्हणू नका."

काका वळले. बाईंचा हात चादरीवर निपचित पडला होता आणि डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं. काकांनी रुमालानं ते पुसलं. त्रास होतोय बिचारीला, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी तो हातही गेला. त्यानंतर पाच दिवसांनी बाई गेल्या.

बालगृहाचा निरोप घ्यायची वेळ त्याच वर्षी आली. मुलं दुसरीकडं गेली, खाटा गेल्या. पेटीची एक डिस्क वकिलांकडे गेली, तिचीच दुसरी प्रत काकांकडे. शेवटच्या दिवशी काका रिकाम्या कचेरीत एकटेच होते. एकदा बघावं म्हणून त्यांनी डिस्क जोडली, आपला भाग टाइप केला आणि सवयीनं उठून भिंतीपाशी गेले. बकरीकडे बघत गुणगुणू लागले. खुर्ची रिकामी होती. खोलीत त्यांच्या घशाशिवाय कसलाही आवाज नव्हता.

तेव्हा त्यांना ती चादर आठवली. त्यावर पडणारी बोटं आठवली. ती बोटं काय करत होती, हे त्यांना त्या क्षणी कळलं आणि गुणगुणणं घशातच मोडलं. बाईंनी नियम मोडायचं ठरवलं होतं. मरताना आपला अर्धा भाग त्यांनी काकांच्या डोळ्यांसमोर मांडला होता, आणि काकांनी पाठ फिरवली होती.

दोन महिन्यांनी वकिलांची चिठ्ठी घेऊन एक मुलगी काकांच्या घरी आली. वय सव्वीस. चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचं काम करायची. खुर्चीच्या टोकावर बसली. ते टोकावर बसणं बघूनच काकांनी तिला ओळखलं.

"माझं काही आहे का तुमच्याकडे?" तिनं विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. काही नाही म्हटलं असतं तर ती उठून गेली असती. काकांनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला आणि सगळं सांगितलं. कोटवाला गृहस्थ, एका पायातली चप्पल, पेटी, बकरी, पत्र, चादर. काही राखून ठेवलं नाही. सांगताना ते तिच्याकडे बघत नव्हते. ते लक्षात आलं तसं त्यांनी मान वर केली.

"म्हणजे माझ्या आईनं लिहिलेलं तुमच्या हातात होतं, आणि तुम्ही वाचलं नाही."

"नाही."

"आणि बाई सांगत होत्या तेव्हा बघितलं नाहीत."

"नाही, बाळ."

"केवढे हो प्रामाणिक तुम्ही!" ती म्हणाली. वेताच्या छडीसारखे शब्द होते ते. ती उठली आणि गेली. लेक आतून धावत आली, पण काकांनी हातानंच तिला थांबवलं.

जावयानं प्रयत्न केले. कॉम्प्युटर दिवसच्या दिवस राबत ठेवला. शेवटी तो सासऱ्यासमोर येऊन बसला. काकाच म्हणाले, "सूर्य अजून विझला नाही का?" जावयाला हसावं की रडावं कळेना.

महिन्याभरानं ती मुलगी परत आली. हातात वही. ती बाईंच्या भाचीला गाठून आली होती. बाईंची जन्मतारीख, शाळेचं नाव, लहानपणच्या कुत्र्याचं नाव, आवडता रंग, सगळं टिपून आणलं होतं.

"चिडून काही उघडत नाही," ती म्हणाली. "बसा, काका. तुमचा भाग घाला."

काकांनी आपला भाग टाइप केला आणि पुन्हा पाय उचलले गेले.

"कुठं निघालात?"

काका मधेच थांबले. "सवय आहे."

"इथंच बसा. इकडं बघा. मी काय दाबते ते बघा."

बारा वर्षांत पहिल्यांदा काका दुसऱ्याची बोटं बटणांवर पडताना बघत बसले. कुत्र्याचं नाव. पासवर्ड चुकीचा आहे. शाळेचं नाव. चुकीचा आहे. दुपार कलेपर्यंत वही संपली. पुढच्या रविवारी ती नवी पानं घेऊन आली. मग येतच राहिली. मधेच एकदा तिनं काकांचे डोळे तपासले आणि म्हणाली, "जवळचं तुम्हाला काही दिसतच नाही की. कोपरे कसले तपासत होता?" नवा चष्मा तिनंच करून आणला. तो लावल्यावर काकांना आपल्याच बोटांवरच्या सुरकुत्या इतक्या स्पष्ट दिसल्या की त्यांनी हात मांडीखाली दडवले.

एका रविवारी वही कोरी होती. भाचीला आठवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मुलगी पडद्याकडे बघत म्हणाली, "कसं होतं हो ते पत्र? नुसतं दिसायला?"

काका उठले. आतून रेघांचे चार कागद आणले आणि मांडून तिला सांगितलं. इथून सुरुवात, समास न सोडता. दोन्ही बाजूंनी भरलेलं. निळी शाई. तिसऱ्या कागदावर एक ओळ खोडलेली असावी, तिथं पाठीला खरबरीत लागत होतं. चौथ्याच्या शेवटी मजकूर संपला तरी पेन उचललं नव्हतं, तिथं एक ठिपका कागद फुटेपर्यंत दाबलेला होता. मग त्यांनी चारही कोरे कागद एकत्र धरून तीन घड्या घातल्या, तशाच, कड नखानं दाबत, आणि तिच्या हातात दिले.

"एवढं जाड होतं."

तिनं ते दोन्ही हातांत धरलं. उलगडलं नाही. पर्समध्ये चष्म्याच्या कापडाखाली ठेवलं.

काका त्यानंतर फार दिवस जगले नाहीत. जायच्या आधी एका सकाळी त्यांनी लेकीकडून कागद मागून घेतला, नवा चष्मा लावला आणि आपला अर्धा भाग मोठ्या, सुट्या अक्षरांत लिहिला. आयुष्यात पहिल्यांदा. पाकिटात घालून वर त्या मुलीचं नाव घातलं. लेकीनं पाकीट चिकटवायला घेतलं तर म्हणाले, "नको, उघडंच राहू दे."

डिस्क आता त्या मुलीकडे आहे, दुकानातल्या खणात, भिंगांच्या डब्यांशेजारी. खणाला कुलूप नाही. गिऱ्हाईक नसलं की ती कधी कधी काकांचा भाग टाइप करते आणि पुढं काय घालावं याचा विचार करत थोडा वेळ बसून राहते.